हसण्यावारी नेलेला कोट



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. इतिहासाच्या व्याख्यानात लढाया असाव्यात, तह असावेत, राज्यारोहणे असावीत. तेथे कोट, मोजे आणि बूट कोठून आले? पण उंच पर्वतावर माणूस केवळ कड्यावरून पडूनच मरतो असे नाही. तो गारठूनही मरतो. गारठ्याविरुद्ध त्याची तटबंदी एकच, ती म्हणजे त्याचे कपडे. ही तटबंदी फाटता कामा नये, म्हणून ती भक्कम हवी. आणि ती अंगावर घेऊन चढायचे, म्हणून ती हलकीही हवी. भक्कमपणा आणि हलकेपणा यांचे तसे हाडवैर. या दोघांचा समेट माणसाने कसा घडवून आणला, याची कथा एव्हरेस्टच्या १९२१ ते १९५३ या काळातील मोहिमांत उत्तम पाहावयास मिळते. त्या कथेचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो, तो मी शेवटी सांगेन.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. आपण म्हणतो, गोधडी उबदार असते. खरे पाहता गोधडीत ऊब नसते. ऊब असते ती आपल्या शरीराची. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून आजीने टाके घातले, म्हणजे त्या पदरांमध्ये हवा अडकते. अडकलेली, स्थिर हवा उष्णतेला सहसा बाहेर जाऊ देत नाही. लोकर उबदार का, पिसे उबदार का, याचे उत्तर हेच. या हवेचे दोन शत्रू आहेत. वारा आत शिरला की तो तिला पळवून लावतो. आणि पाणी किंवा घाम शिरला की तिची जागाच बळकावतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे गिर्यारोहकाच्या कपड्याने हवा धरून ठेवावी, वारा अडवावा आणि तरीही घामाला वाट द्यावी. त्यातच एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या एकतृतीयांशाच्या आसपास उतरतो. जेथे एक पाऊल टाकण्यासाठी अनेक श्वास घ्यावे लागतात, तेथे अंगावरच्या प्रत्येक शेराचा हिशेब द्यावा लागतो.

आता १९२१ साली पाहणीसाठी गेलेली पहिली ब्रिटिश तुकडी डोळ्यांसमोर आणा. ट्वीडचे कोट, लोकरी मोजे, गळ्याभोवती मफलर. त्यांचे छायाचित्र पाहून बर्नार्ड शॉ यांनी काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत. आयर्लंडात सहलीला निघालेली मंडळी अवचित हिमवादळात सापडावी तसे हे दृश्य आहे, अशा अर्थाची ती थट्टा होती. थट्टा झकास होती, पण ती पुरती न्याय्य नव्हती. या मंडळींजवळ गॅबर्डीन होते. टॉमस बर्बरी या इंग्रज कापडवाल्याने १८७९ साली हे कापड काढले. विणण्यापूर्वी सुतावरच प्रक्रिया करावयाची आणि मग घट्ट वीण घालावयाची, ही त्याची युक्ती. त्यामुळे पाणी सहसा आत शिरत नाही, वारा अडतो, आणि रबरी कापडात होतो तसा अंगाचा कोंडमाराही होत नाही.

पुढच्याच वर्षी, १९२२ साली, पहिली खरी चढाई निघाली. तीत जॉर्ज इंगल फिंच हे गृहस्थ होते. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झुरिचचे, व्यवसाय रसायनशास्त्राचा आणि स्वभाव सडेतोड. त्यांनी स्वतःच्या कल्पनेने एक कोट शिवून घेतला होता. बलूनसाठी वापरतात ते हलके, घट्ट विणीचे हिरवेगार कापड घेतले. आत आयडर बदकाची मऊ पिसे भरली. आणि पिसे एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून वरून गोधडीसारखे टाके घातले. आयडर बदकाची मादी घरट्यात अंडी उबवण्यासाठी हीच पिसे अंथरते. फुगीर, भडक रंगाच्या त्या कोटात फिंच तंबूबाहेर आले, की सोबतीच्या मंडळींना हसू आवरत नसे. सभ्य गृहस्थाने डोंगरावर कसे दिसावे याविषयी त्यांच्या काही ठाम समजुती होत्या, आणि हा कोट त्यांतल्या एकीतही बसत नव्हता.

मे महिना उजाडला, उंची वाढली, आणि हसू मावळले. मॅलरी, नॉर्टन, सॉमरवेल आणि मॉर्सहेड यांची पहिली तुकडी वर गेली. मॉर्सहेड हे भारताच्या सर्व्हे खात्यातील कसलेले अधिकारी. पण उबदार कपडे अंगावर चढविण्यास त्यांना उशीर झाला, आणि हिमदंशाने बोटांची टोके कायमची गमवावी लागली. त्यानंतर फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर यांनी सुमारे २५,५०० फुटांवर तंबू ठोकला. वादळ असे उठले की तंबूसकट तिघेही उडून जातात की काय असे वाटावे. त्यातून निभावून, तेजबीर वाटेतून परतल्यावर, २७ मे रोजी फिंच आणि ब्रूस प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे २७,३०० फुटांपर्यंत पोहोचले. तोवर कोणीही माणूस इतका उंच चढला नव्हता. ज्या कोटाला मंडळी हसली होती, त्याचा आता त्यांना हेवा वाटू लागला होता.

एवढा पुरावा मिळाल्यावर पुढच्या मोहिमेत सर्वांनी तसेच कोट घातले असतील, असे आपल्याला वाटेल. पण इतिहास इतका सरळ चालत नाही. फिंच यांचे समितीशी पटले नाही. १९२४ च्या मोहिमेत त्यांना घेतलेच नाही, आणि कोटाचा धडाही त्यांच्याबरोबर मागे राहिला. त्या वर्षी नॉर्टन गॅबर्डीन आणि लोकर घालून, प्राणवायूवाचून, २८,१२६ फुटांपर्यंत गेले. पुढे ८ जून रोजी मॅलरी आणि आयर्विन वर गेले, ते परतले नाहीत.

पंचाहत्तर वर्षांनी, १ मे १९९९ रोजी, मॅलरी यांचा देह सापडला. ओळख कशावरून पटली? कपड्यांवरच्या नावाच्या पट्टीवरून! रेशीम, सूत, लोकर आणि वर गॅबर्डीन, असे थरावर थर त्या देहावर शाबूत होते. त्या तुकड्यांवरून इंग्लंडातील अभ्यासकांनी हुबेहूब तसा पोशाख तयार करविला, आणि २००६ साली तो एव्हरेस्टच्या परिसरात अंगावर घालून पाहिला. तो हलका निघाला, हालचालीस सोयीचा निघाला, आणि चांगल्या हवेत पुरेसा उबदारही निघाला. म्हणजे शॉ यांच्या थट्टेतला ट्वीडवाला सहलकरी तितका अडाणी नव्हता. मात्र हवा फिरली, रात्र उघड्यावर काढावी लागली, तर तो पोशाख पुरला नसता. तेवढ्या एका रात्रीसाठीच फिंच यांचा कोट होता. आणि २०२४ साली आयर्विन यांच्या पायाचा अवशेष हिमनदीत मिळाला, तेव्हाही मोज्यावर शिवलेल्या नावानेच साक्ष दिली. माणसे गेली, कापड बोलायला उरले.

मधल्या काळात नवे धागे आले. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत प्रथम तयार झाले आणि महायुद्धात हवाई छत्र्यांसाठी खपले. लढाई संपल्यावर ते डोंगरावर चढले. वजनाने हलके आणि ओढाताणीत चिवट असे हे सूत मिळाल्याने त्या जुन्या हाडवैराचा समेट जवळ आला. पण उत्तम वस्त्रदेखील सावधपणाची जागा घेऊ शकत नाही. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णेच्या शिखरावरून उतरताना मोरीस एर्झोग यांचे हातमोजे निसटून उतारावरून घरंगळत गेले. पाठीवरच्या पिशवीत जादा पायमोजे होते; ते हातांत घालावेत हे त्या विरळ हवेत त्यांना सुचले नाही. हातापायांची बोटे गेली.

यानंतर १९५३ साल. या खेपेला आवडीनिवडीवर काही सोडावयाचे नाही असे ठरले. ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने माणसाला किती ऊब, किती पाणी, किती अन्न लागते याचे मोजमाप केले. वारा अडविण्यासाठी सूत आणि नायलॉन यांच्या मिश्र विणीचे कापड निवडले, आत पिसांचे कोट व विजारी दिल्या, बुटांसाठी पादत्राणांच्या संशोधनसंस्थेला कामाला लावले. हे सारे सामान फेब्रुवारी १९५३ च्या अखेरीस आपल्या मुंबई बंदरात उतरले आणि रेल्वेने देश ओलांडून नेपाळकडे गेले. तरीही २९ मेच्या पहाटे हिलरी यांचे बूट लाकडासारखे गोठलेले निघाले; रात्री ते पायांतून काढले होते. स्टोव्हच्या ज्योतीवर ते मऊ करण्यात दोन तास गेले. तेनसिंग यांनी बूट काढलेच नव्हते.

आणि तेनसिंग यांच्या अंगावर काय काय होते? मोजे पत्नी आंग ल्हामू यांनी विणलेले. स्वेटर हिमालयन क्लबच्या हेंडरसनबाईंनी दिलेला. बूट आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतले. गळ्यात स्विस मित्र रेमंड लँबेर यांचा तांबडा रुमाल. प्रयोगशाळेत मोजलेले वस्त्र आणि माणसांच्या मायेने दिलेले वस्त्र एकाच देहावरून शिखरावर गेले.

आता तो पुण्याचा धागा. त्या मे महिन्यात फिंच कोठे होते? ते पुण्यात होते! पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक म्हणून १९५२ ते १९५७ अशी पाच वर्षे त्यांनी येथे काढली. ज्या पिसांच्या कोटाची आणि ज्या प्राणवायूची तरफदारी त्यांनी तीस वर्षांपूर्वी केली, ती दोन्ही शिखरावर पोहोचल्याची बातमी त्यांना आपल्या मुलखातल्या वैशाखाच्या उन्हात मिळाली असणार. पुढे १९५९ साली गिर्यारोहकांच्या मानाच्या अल्पाइन क्लबने त्यांना अध्यक्ष केले.

मला या कथेतून एवढेच सांगावयाचे आहे. शॉ ट्वीडवाल्यांना हसले, ट्वीडवाले फिंच यांना हसले, आणि दोन्ही वेळा हसणाऱ्यांनी मोजून पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते. पर्वत दिसण्याला भुलत नाही. आपला सह्याद्री हिमालयाएवढा उंच नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण श्रावणातल्या पावसात, घाटमाथ्याच्या वाऱ्यावर, अंगाला चिकटलेला ओला सुती सदरा धडधाकट मुलालाही हुडहुडी भरवून आडवा करू शकतो. सूत भिजले की त्यातली हवा गेली. आपल्या धनगराची घोंगडी भिजली तरी बऱ्यापैकी ऊब धरते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती त्याच्या खांद्यावर आहे. तिच्या वजनाचा प्रश्न तेवढा नव्या धाग्यांनी सोडविला आहे. तेव्हा आपला मुलगा किंवा मुलगी गडावर निघताना एक कोरडा लोकरी स्वेटर आणि वारा अडविणारे पातळ जाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेऊ लागली, तर एवढ्याशा डोंगराला हा थाट कशाला, असे म्हणून कृपा करून हसू नका. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.