अमेरिकेत तलावाकाठी मुक्काम करायचाय? स्टेट पार्कचं बुकिंग करण्याआधी हे वाचा

उन्हाळा आला की अमेरिकेतल्या मुलाकडे-मुलीकडे आई-बाबा राहायला येतात. न्यूयॉर्क झालं, नायगारा झाला, आता कुठेतरी शांत तलावाकाठी दोन रात्री राहू, असं ठरतं. मग जुलैत कधीतरी बुकिंगची साइट उघडली जाते आणि कळतं की पुढचे सगळे शनिवार-रविवार भरलेत!

असं का होतं? जागा कधी बुक करायची? केबिन घ्यावी की तंबू ठोकावा? सोबत काय न्यायचं आणि काय अजिबात न्यायचं नाही? मिनेसोटातल्या इटास्का स्टेट पार्कचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊया.

स्टेट पार्क म्हणजे काय?

यलोस्टोनसारखी नॅशनल पार्क अमेरिकेचं केंद्र सरकार चालवतं, तर स्टेट पार्क त्या-त्या राज्याचं सरकार. त्यामुळे प्रत्येक राज्याचे नियम, दर आणि बुकिंगची साइट वेगळी असते. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कमध्ये चालत नाही. मिनेसोटात गाडीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, दिवसाचा किंवा वर्षभराचा. वर्षात पाच-सहा वेळा जाणार असाल तर वर्षाचाच घ्या.

इटास्काच का?

अमेरिकेतली प्रसिद्ध मिसिसिपी नदी याच तलावातून उगम पावते. इथे तिचं पात्र जेमतेम गुडघाभर पाण्याचं आहे. दगडांवर पाय ठेवत लोक चक्क मिसिसिपी ओलांडतात! तिथल्या पाटीनुसार पुढे ही नदी २,५५२ मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळते.

१८९१ साली स्थापन झालेलं हे मिनेसोटातलं सर्वांत जुनं स्टेट पार्क. ३२ हजारांहून अधिक एकरांवर पसरलेल्या या पार्कमध्ये शंभरावर लहानमोठे तलाव आहेत. १९०३ साली लाकूडतोड कंपनीच्या बांधामुळे तलावाचं पाणी वाढून काठची झाडं धोक्यात आली होती. तेव्हा पार्कची जबाबदारी सांभाळणारी मेरी गिब्ज ही तरुणी त्या कंपनीसमोर उभी ठाकली. आज उगमाजवळच्या माहिती केंद्राला तिचंच नाव आहे.

मिनियापोलिसहून इथे पोहोचायला गाडीने साधारण चार तास लागतात. जवळचं गाव पार्क रॅपिड्स, सुमारे २० मैलांवर. किराणा, औषधं, पेट्रोल तिथूनच घेऊन पुढे निघा.

बुकिंग कधी उघडतं?

हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मिनेसोटात मुक्कामाच्या तारखेच्या १२० दिवस आधी बुकिंग उघडतं. म्हणजे १ जुलैला पोहोचायचं असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच तयारीत राहायला हवं. कॅलिफोर्नियात ही मुदत सहा महिने, न्यूयॉर्कमध्ये नऊ महिने, तर पेनसिल्व्हेनियात अकरा महिने आहे. तुमच्या राज्याची मुदत आजच बघा आणि फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

उशीर झालाच तर काय कराल?

- शुक्रवार-शनिवार सोडून सोमवार ते गुरुवार बघा.
- कुणी बुकिंग रद्द केलं तर कळवणारी सोय अनेक राज्यांच्या साइटवर असते, ती चालू करा.
- ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये जा. गर्दी आणि डास दोन्ही कमी असतात.

केबिन की तंबू?

"केबिन" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रिसॉर्ट येतं. इथेच फसगत होते. मिनेसोटाच्या स्टेट पार्कमधली कॅम्पर केबिन म्हणजे एक लाकडी खोली. आत एकावर एक पलंग, गाद्या, टेबल आणि बाकं. पाच-सहा जण झोपू शकतात. पण स्वयंपाकघर नाही, न्हाणीघर नाही, चादरी-उश्याही नाहीत. संडास आणि शॉवरसाठी बाहेर चालत जावं लागतं. आत स्वयंपाक करायला मनाई असते.

तरीही सोबत वयस्कर आई-बाबा किंवा तान्हं बाळ असेल तर केबिनच बरी. जमिनीवर झोपावं लागत नाही आणि पाऊस आला तरी डोक्यावर छप्पर असतं. बुक करताना वीज आणि हीटर आहे का आणि संडास किती लांब आहे, हे नकाशावर बघून घ्या. इटास्कामध्ये स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेल्या मोठ्या केबिनही आहेत. त्या महाग पडतात आणि लवकर संपतात.

तंबूची जागा स्वस्त पडते. तिथे टेबल आणि शेकोटीचं कडं मिळतं. तंबू, झोपायच्या पिशव्या, खाली अंथरायच्या मॅट हे सगळं तुमचं. जुलैतही पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरू शकतो. त्यामुळे स्वेटर आणि कानटोपी नक्की घ्या.

लाकूड घरून नेऊ नका

घरामागे पडलेली लाकडं शेकोटीसाठी गाडीत टाकावी असं वाटणं साहजिक आहे. पण मिनेसोटाच्या स्टेट पार्कमध्ये फक्त मान्यताप्राप्त विक्रेत्याकडचंच लाकूड चालतं. याचं कारण एक हिरवा भुंगेरा. त्याच्या अळ्या अ‍ॅश झाडाच्या सालीखाली लपतात आणि लाकडाबरोबर प्रवास करतात. २००२ मध्ये हा कीटक अमेरिकेत मिशिगनमध्ये सापडला, २००९ मध्ये मिनेसोटात पोहोचला. त्याने आजवर कोट्यवधी झाडं मारली आहेत. म्हणून नियम साधा आहे: जिथे जाळायचं, तिथेच विकत घ्यायचं.

जिवावर बेतू शकतील अशा पाच गोष्टी

१. तंबूत किंवा केबिनमध्ये शेगडी पेटवणं. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅस स्टोव्ह आत घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस दगावतो. स्वयंपाक नेहमी उघड्यावर करा.

२. तलावाचं पाणी. पोहण्याच्या जागी जीवरक्षक नसतात. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फोन बाजूला ठेवून फक्त त्यांच्याकडेच बघायचं. चालत्या नावेत दहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं मिनेसोटात कायद्यानेच सक्तीचं आहे. मोठ्यांनीही घालावं.

३. काळं अस्वल. पोळ्या, चटण्या, चिवडा, इतकंच काय टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवू नका. वासावर अस्वल येतं. सगळं गाडीत, काचा बंद करून ठेवा. खरकटं कचऱ्याच्या पेटीतच टाका.

४. गोचीड. इथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, कीटकरोधक मलम लावा. रोज रात्री काखा, गुडघ्यामागचा भाग, केसांची मुळं तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. नंतर ताप किंवा अंगावर लाल चट्टा आला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

५. अर्धवट विझलेली शेकोटी. नुसती माती टाकू नका, खाली निखारे धुमसत राहतात. भरपूर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. राख हाताला गार लागली की मगच झोपायला जा.

आई-बाबांना नेताय?

त्यांची औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि विम्याचे कागद सोबत ठेवा. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आणि बुकिंगची पावती आधीच डाउनलोड करा. रात्री संडासला जायला प्रत्येकाला वेगळी बॅटरी द्या. उगमावरचे दगड शेवाळाने निसरडे असतात. बाबांचा उत्साह कितीही असला तरी त्यांना जवळच्या लाकडी पुलावरून न्या. मिसिसिपी तीच आहे!

आणि हो, रात्री १० ते सकाळी ८ ही शांततेची वेळ असते. गाण्यांच्या भेंड्या संध्याकाळीच उरकून घ्या. दहानंतर तलावावरून लून पक्ष्याची साद ऐकू आली तर त्यासाठी एवढा प्रवास केल्याचं सार्थक होईल.

तुमच्या राज्यात बुकिंग किती दिवस आधी उघडतं? कमेंटमध्ये सांगा आणि यंदा आई-बाबा ज्यांच्याकडे येणार आहेत, त्या मित्रमंडळींना हा लेख नक्की पाठवा.