साठी, बुद्धी आणि हिंगण्याची वाट

'साठी, बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो. म्हातारपणी विसरायला होणारच, त्यात नवल ते काय, असा तिचा अर्थ. पुण्यात मात्र या म्हणीला उत्तर म्हणून कोणीतरी हमखास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव घेतो. १८५८ साली जन्मलेले कर्वे १९६२ पर्यंत जगले. सत्तरी ओलांडल्यावर ते जगप्रवासाला निघाले. १९३६ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवे मंडळ काढले. मग बोलणे त्यांच्या साध्या राहणीवर आणि चालण्यावर येते. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि शहर व हिंगणे यांमधली वाट पायी तुडवायची, असा त्यांचा वर्षानुवर्षे क्रम होता.

चालणे चांगलेच. पण कर्वे चालत राहिले म्हणून त्यांची बुद्धी तल्लख राहिली, की बुद्धी आणि प्रकृती शाबूत होती म्हणून ते चालू शकले? एका माणसाच्या उदाहरणावरून हे ठरवता येत नाही. रोज फिरायला जाणाऱ्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. कर्व्यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे एक उत्तर आहे खरे, पण ते त्यांच्या ताटात किंवा पायांत शोधून सापडणार नाही. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

१९०६ मध्ये जर्मन डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी स्मृती हरपलेल्या एका स्त्रीच्या मेंदूचे वर्णन मांडले. मृत्यूनंतर तिच्या मेंदूत चेतापेशींच्या आत गुंतवळे आणि बाहेर पुटे दिसली होती. तिचा आजार पन्नाशीतच सुरू झाला होता. त्यामुळे हा तरुण वयातला दुर्मीळ रोग आणि म्हाताऱ्यांचे विसरणे मात्र नैसर्गिक, अशी समजूत पुढे कित्येक दशके टिकली. हे दोन्ही बहुतांशी एकच आहे, असे १९७६ मध्ये अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून मांडले. म्हातारपणाचा स्वभाव मानला जाणारा स्मृतिभ्रंश आता आजार ठरला. आणि आजार म्हटला की टाळता येईल का, हा प्रश्न आलाच.

१९८८ मध्ये कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक कोडे सापडले. काही वृद्धांच्या मेंदूत पुटे भरपूर होती, पण जिवंत असताना त्यांची बुद्धी चांगली चालत होती. त्यांच्या मेंदूत मोठ्या चेतापेशींची संख्या अधिक होती. घरात धान्याची साठवण असेल तर दुष्काळाची झळ उशिरा लागते, तसेच काहीसे हे असावे. १९९० मध्ये शांघायमधील ५,०५५ वृद्धांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. या साठवणीत शाळेचा वाटा असावा, हा विचार इथे बळावला.

इथे शंका घ्यायला हवी. शिकलेल्याला स्मृतीच्या चाचण्या सोप्या जातात. शिवाय शिक्षणाबरोबर बरे अन्न आणि औषधपाणीही येते. या दृष्टीने हैदराबादचे संशोधन महत्त्वाचे आहे. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती. हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. म्हणजे पदवीच हवी असे नाही. मेंदू कामाला लागणे महत्त्वाचे असावे.

आता आपल्या देशाकडे पाहू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे. कारणे अनेक असतील. पण या पिढीतल्या किती मुलींना शाळेत धाडले गेले, हा प्रश्न त्यात आहेच.

आणि इथे आपण हिंगण्याला परत येतो. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी पंचविशी ओलांडल्यावर धडे गिरवायला घेतले. पुढे त्यांनी आश्रमाचे काम सांभाळले. १९१८ मध्ये, ऐन प्रौढ वयात, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेला मदत मिळवण्यासाठी. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठही उभे केले. मेंदूच्या आरोग्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. पण रोजच्या चालण्याचा फायदा फार तर एकट्या कर्व्यांना झाला असेल. ती वाट जिथे पोचत होती, तिथल्या वर्गांचा फायदा कितीतरी स्त्रियांना झाला असावा.

मग साठी उलटलेल्यांनी काय करावे? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा बदलता येतील अशी १४ कारणे सांगितली. अपुऱ्या शिक्षणाखेरीज त्यांत ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठेपणा, नैराश्य, एकटेपणा, हवेचे प्रदूषण इत्यादींचा समावेश आहे. ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. हा समाजाचा हिशेब आहे, एखाद्या व्यक्तीला दिलेली हमी नव्हे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला. आहार, व्यायाम, मेंदूला सराव आणि रक्तदाबासारख्या गोष्टींवर लक्ष, हे सारे एकत्र दिल्यावर बौद्धिक चाचण्यांत सरस फळ मिळाले, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे साठीनंतरही दार बंद होत नाही.

वर्गात एक साधी गोष्ट करता येईल. मुलांना सांगा, घरातल्या आजी-आजोबांशी रोज अर्धा तास बोला. त्यांना नीट ऐकू येते का, चष्मा बदलायला झाला आहे का, रक्तदाब शेवटचा कधी मोजला, ते दिवसभर कोणाशी बोलतात, हे विचारा आणि लिहून आणा. आजीला शाळा किती मिळाली, हेही विचारा. आणि वर्गातली एखादी मुलगी मधूनच शाळा सोडत असेल, तर तिच्या घरी जा. तिच्या साठीची बेगमी आजच्या वर्गात होत असते.