कृत्रिम मादक द्रव्ये आणि ‘बाळगण्याचा’ अपराध

अमुक द्रव्य बाळगणे हा अपराध होय, असे म्हणावयाचे तर कायद्याला त्या द्रव्याचे नाव घ्यावे लागते. आणि रसायनज्ञाने रेणूत अल्पसा बदल केला की ते नाव लागू पडेनासे होते. ही युक्ती १९८० नंतरची मानली जाते. वस्तुतः ती त्याहून अर्धशतकाने जुनी आहे. १९२५ च्या जिनीव्हा कराराने हेरॉइनवर निर्बंध आणले, तेव्हा त्या करारात नाव नसलेली डायबेंझॉइलमॉर्फिनसारखी द्रव्ये १९३० च्या सुमारास व्यापारात उतरली. १९३१ च्या करारात मॉर्फिनची सर्वच एस्टर संयुगे घेण्यात आली. इतकेच नव्हे, तर अफू व कोका यांतील विशिष्ट अल्कलॉइडांपासून निघणारे कोणतेही नवे द्रव्य, त्याचा वैद्यकीय वा शास्त्रीय उपयोग ठरल्यावाचून, व्यापारार्थ बनविता येऊ नये असा दंडक घातला गेला. दंडक दूरदर्शी खरा. पण त्याची दृष्टी वनस्पतीवर खिळलेली होती. पेथिडीनला अफूची गरजच नव्हती. अशा संपूर्ण कृत्रिम द्रव्यांसाठी १९४८ चा पॅरिस येथील करार करावा लागला.

अमेरिकेने १९८६ साली निराळी वाट धरली. निषिद्ध द्रव्याशी रचनेने व परिणामाने ‘पुष्कळसे सदृश’ असलेले द्रव्य मानवी सेवनासाठी असेल, तर ते निषिद्धच समजावे, असे त्या वर्षीच्या अधिनियमाने ठरविले. यादीची उणीव भरून निघाली. परंतु सादृश्य ठरवावयाचे कोणी? कोलोरॅडोतील संघीय न्यायालयाने १९९२ साली एका द्रव्यापुरती ही व्याख्या संदिग्ध ठरवून आरोप फेटाळले. जेथे तज्ज्ञांतच मतभेद, तेथे सामान्य नागरिकाने आपण अपराध करीत आहोत हे ओळखावे कसे, हा प्रश्न काही वकिली कावा नव्हे. २०१५ च्या मॅकफॅडन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे ज्ञान सिद्ध करण्याचा भार अभियोगपक्षावर ठेवला. ब्रिटनने २०१६ च्या अधिनियमात कारागृहादी बंदिस्थानांबाहेर निव्वळ बाळगणे अपराध मानलेच नाही; शिक्षा ठेवली ती मुख्यतः निर्मिती व पुरवठा यांना.

भारताचा १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम मात्र यादीलाच धरून राहिला. मुंबईत ‘एमडी’ वा ‘म्याऊ म्याऊ’ या नावांनी ओळखले जाणारे मेफेड्रोन १९२९ सालीच प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. आपल्या यादीत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. त्यापूर्वी ते बाळगणाऱ्यास या अधिनियमाखाली शिक्षा देणे संविधानाच्या अनुच्छेद २०(१) मुळे अशक्यच होते. हा विलंब पोलिसांस जाचक वाटला असेल. पण नागरिकाचे संरक्षण नेमके त्या विलंबातच असते.

यादीत नाव आल्यावर मात्र सारे वजनावर येते. मूळ अधिनियमात स्वतःच्या सेवनापुरते अल्प प्रमाण वगळता किमान दहा वर्षांची सरसकट सक्तमजुरी होती. २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार श्रेणी लावल्या. मेफेड्रोन दोन ग्रॅमहून कमी असल्यास आज कमाल एक वर्ष, पन्नास ग्रॅमहून अधिक म्हणजे व्यापारी प्रमाणात असल्यास दहा ते वीस वर्षे व किमान एक लाख रुपये दंड. मग वजन कशाचे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर सुमारे चार किलो हेरॉइनमिश्रित भुकटी होती. त्यातील शुद्ध हेरॉइन जेमतेम ६० ग्रॅम. न्यायालयाने शुद्धांशच मोजला. शासनाने २००९ च्या अधिसूचनेने संपूर्ण मिश्रण मोजावयास सांगितले, आणि २०२० साली हिरा सिंग खटल्यात त्रिसदस्य पीठाने तेच मान्य केले. मादक द्रव्य विकले जाते ते भेसळीसहच, ही त्यामागील भूमिका. युक्तिवाद व्यवहार्य आहे. तथापि त्याचा परिणाम असा की, पाच ग्रॅम मेफेड्रोनात पंचावन्न ग्रॅम निरुपद्रवी पूड मिसळलेली पुडी ज्याच्या खिशात सापडेल, त्याला शुद्ध चाळीस ग्रॅम बाळगणाऱ्यापेक्षा अधिक कठोर कलम लागेल. शिवाय कलम ३५ अन्वये आरोपीचा दोषी हेतू गृहीत धरला जातो. तो नव्हता हे त्यानेच निःसंशय सिद्ध करावयाचे असते.