स्वतःच्या खांद्यावर चढणारे यंत्र

अनेक शाळांत कपाटामागे किंवा जिन्याखालच्या अडगळीत एखादा जुना संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. कधीतरी एखादा उत्साही विद्यार्थी तो टेबलावर आणतो आणि बटण दाबतो. पंखा फिरतो, दिवा लागतो. पण पडदा काळाच राहतो. किंवा नुसतेच बीप-बीप असे आवाज येतात. ‘गेला वाटतं!’ असे म्हणून संगणक पुन्हा झाकला जातो.

‘गेला’ म्हणजे नेमके काय गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आपण तो विचारूया आणि उत्तरासाठी थोडे इतिहासात जाऊया. संगणक सुरू होण्याची रीत कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही. एकेक अडचण आली, तिच्यावर एकेक उपाय निघाला आणि त्या उपायांची एक शिडी तयार झाली. संगणक दर वेळी सुरू होताना ही शिडी चढतो. बिघडलेला संगणक म्हणजे तिच्या कोणत्या तरी पायरीवर अडकलेला संगणक.

मुळात अडचण कोणती?

बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो. त्यांना काय करायचे ते शिकवावे लागत नाही. संगणकाचे तसे नाही. त्याच्या स्मृतीत जो प्रोग्राम असेल तेच काम तो करतो. पण वीज नुकतीच आली आहे, स्मृती रिकामी आहे. प्रोग्राम डिस्कवर किंवा फितीवर आहे. तो स्मृतीत आणायचा तर डिस्क वाचण्याचा प्रोग्राम आधी स्मृतीत हवा. मग तो कोणी आणायचा?

डोंबारी कितीही तरबेज असला तरी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, असा दृष्टांत आपल्याकडील दर्शनग्रंथांत येतो. संगणकापुढची अडचण हीच आहे. इंग्रजीत हीच कल्पना वेगळ्या शब्दांत सांगतात : स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलणे. त्यावरूनच संगणक सुरू करण्याला ‘बूट करणे’ म्हणू लागले.

टेलिफोनच्या भागांची मदत

१९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिअॅक या यंत्रात ही अडचण नव्हती, कारण त्यात प्रोग्राम स्मृतीत ठेवलेलाच नसे. गणित बदलले की तारांच्या जोडण्या आणि स्विचे बदलावी लागत. या कामात दिवसच्या दिवस जात.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका छोट्या प्रायोगिक यंत्राने आपल्याच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवलेला प्रोग्राम चालवला. ‘बेबी’ असे त्याचे लाडाचे नाव होते. पहिला प्रोग्राम जेमतेम १७ आज्ञांचा होता आणि तो माणसाने स्विचे दाबून स्मृतीत भरला होता. म्हणजे डोंबाऱ्याला वर उचलून ठेवणारा माणूसच होता.

पुढच्याच वर्षी, ६ मे १९४९ रोजी, केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला एड्सॅक सुरू झाला. त्याची स्मृती म्हणजे पारा भरलेल्या नळ्या. त्यांतून ध्वनिलहरी फिरत राहत आणि वीज गेली की सारे पुसले जाई. दर वेळी हाताने आज्ञा भरणे म्हणजे शिक्षाच. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने ‘आरंभीच्या आज्ञा’ नावाचा ३१ आज्ञांचा प्रोग्राम लिहिला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकेक घर पुढे सरकणारे फिरते स्विच वापरत असत. त्या स्विचांवर तारा जोडून हा प्रोग्राम कायमचा पक्का केला होता. बटण दाबले की त्या ३१ आज्ञा आपोआप स्मृतीत उतरत. मग त्या आज्ञा छिद्रे पाडलेली कागदी फीत वाचत आणि खरा प्रोग्राम आत आणत.

कोडे असे सुटले. सगळा प्रोग्राम यंत्रात पक्का करण्याची गरज नाही. पुढची पायरी गाठण्यापुरता छोटासा तुकडा पक्का असला की पुरे. आजही संगणक याच तत्त्वाने सुरू होतो.

बोटांनी चढवलेली पायरी

पक्क्या आज्ञांची स्मृती पुढे बरीच वर्षे महाग होती. त्यामुळे १९६५ साली बाजारात आलेल्या पीडीपी-८ सारख्या छोट्या संगणकांवर पहिला तुकडा पुन्हा माणसाच्या बोटांकडे आला. यंत्राच्या तोंडावर स्विचांची रांग असे. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. नेहमी काम करणाऱ्यांना ती आकडेमाळ पाढ्यांसारखी पाठ असे.

१९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा सुट्या भागांतून जोडायचा संगणक झळकला. त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता; फक्त स्विचे आणि दिवे. मूळ संचात स्मृती २५६ बाइट. बिल गेट्स आणि पॉल अॅलन यांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली. ती दाखवायला अॅलन कागदी फीत घेऊन विमानाने निघाले. विमान उतरायच्या सुमारास त्यांच्या लक्षात आले, की फीत वाचून घेणारा छोटा प्रोग्राम आपण लिहिलेलाच नाही! तो त्यांनी विमानातच कागदावर लिहिला, दुसऱ्या दिवशी स्विचांनी आत भरला, आणि अल्टेअरने २ अधिक २ चे उत्तर ४ असे दिले. तो तुकडा विसरला असता तर सारी मेहनत फितीवरच राहिली असती.

यंत्र स्वतःची तपासणी करते

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. तोवर रॉम, म्हणजे वीज गेली तरी न पुसली जाणारी चिप, स्वस्त झाली होती. या संगणकात ४० किलोबाइट रॉम होती. तिचा ८ किलोबाइट भाग म्हणजे ‘बायोस’ आणि उरलेला बेसिक भाषेचा. त्यातील ८०८८ हा प्रोसेसर एका ठरावीक पत्त्यावर जागा होतो : त्याला दिसणाऱ्या १०,४८,५७६ बाइटांच्या शेवटून १६ बाइट अलीकडे. बायोसची पहिली आज्ञा तिथेच बसवलेली असते.

पण त्याही आधीची एक पायरी आहे. पॉवर सप्लायमधून येणारी वीज स्थिर व्हायला क्षणभर लागतो. ती स्थिर झाली की सप्लाय एका वेगळ्या तारेवर ‘वीज ठीक’ असा संकेत देतो. तोपर्यंत प्रोसेसरला रोखून धरलेले असते.

संकेत मिळाला की बायोस आधी प्रोसेसर, रॉम आणि मेमरी तपासते, मग पडदा, कळफलक आणि डिस्क. सारे ठीक असेल तर एक छोटा बीप. पडद्याची सोय असताना हा बीप कशाला? विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. पडद्याचीच जोडणी बिघडली असेल, तर ती तक्रार पडद्यावर कशी लिहिणार? म्हणून सर्वांत साध्या भागाकडून, स्पीकरकडून, हे काम करून घेतले. आयबीएमच्या संगणकात एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे पडद्याच्या कार्डात दोष. पडदा चालू असेल तर आकडे दिसत : २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कळफलक.

पुढे इतर कंपन्यांनी आयबीएमशी जुळणारी बायोस स्वतः लिहिली आणि ‘क्लोन’ संगणकांचा पूर आला. प्रत्येकीची बीपची भाषा मात्र वेगळी. म्हणून बीप मोजण्याआधी बायोस कोणत्या कंपनीची आहे ते पाहावे लागते.

त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, भारत सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. त्यांचाही आवाज बोलका होता. वीज येताच आतील ध्वनिचिप आपोआप सूर धरते. रॉममधील प्रोग्राम तिला गप्प करून मग एक बीप देतो. सूर थांबलाच नाही तर समजावे, की प्रोसेसर त्या आज्ञेपर्यंत पोचलेलाच नाही.

घड्याळ, बॅटरी आणि विषाणू

१९८४ साली आयबीएमने एटी हा पुढचा संगणक आणला. त्यात बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप होती. संगणकाला किती मेमरी, कोणती डिस्क जोडली आहे याची नोंदही तिच्या ६४ बाइटांतच ठेवलेली असे. यातून एक नवा बिघाड जन्माला आला. बॅटरी संपली की संगणक तारीख विसरतो आणि आपल्याला हार्ड डिस्क आहे हेही विसरतो! डिस्क शाबूत असते, फक्त नोंद पुसलेली असते. पुढच्या काळातील अनेक मदरबोर्डांवर डाग दिलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असे. ती जुनी झाली की पाझरते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. नंतर तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी आली. ती कोणालाही बदलता येते.

१९९० च्या दशकात बायोस पुन्हा लिहिता येईल अशा फ्लॅश चिपमध्ये ठेवू लागले. सोय झाली, पण पायाच पुसला जाण्याचा धोकाही आला. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ नावाच्या विषाणूने जगभरातील कितीतरी संगणकांची बायोस खराब केली. पहिली पायरीच गेली, त्यामुळे अशा संगणकांवर काहीच उमटेना. मेमरी, डिस्क, प्रोसेसर धडधाकट, आणि यंत्र मात्र मुके.

मग अडगळीतला संगणक कसा तपासावा?

वरचा इतिहास हाच दुरुस्तीचा नकाशा आहे. पायऱ्या क्रमाने पाहाव्यात.

पंखाच फिरत नसेल तर प्लग, वायर, फ्यूज आणि पॉवर सप्लाय पाहावा. पंखा फिरतो पण बीप नाही, पडदाही नाही, तर वीज स्थिर झाल्याचा संकेत, प्रोसेसर किंवा बायोस येथे अडले असावे. मदरबोर्डवरील कॅपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, तेही पाहावे; २००० नंतरच्या काही वर्षांतील बोर्डांत हा दोष फार आढळतो. नुसतेच बीप येत असतील तर बहुधा मेमरी किंवा पडद्याचे कार्ड. वायर काढून मेमरीची पट्टी बाहेर काढावी, तिच्या कडेचे संपर्क मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत, भुगा झटकावा आणि पट्टी नीट बसवावी. पडद्यावर अक्षरे आली पण तारीख भलतीच असेल तर बॅटरी. डिस्क सापडत नसेल तर आधी नोंद, मग केबल, आणि एखादी फ्लॉपी आत विसरली आहे का हेही पाहावे! डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत पुढच्या पायरीचा तुकडा असतो. तोही वाचला गेला आणि नंतर संगणक थांबला, तर यंत्र बहुधा ठीक आहे. दोष डिस्कवरील प्रणालीत शोधावा.

एक युक्ती विद्यार्थ्यांना फार आवडते. मुका संगणक बंद करून मेमरीच्या सर्व पट्ट्या काढाव्यात आणि तो पुन्हा सुरू करावा. आता बीपचा गलका झाला तर ती आनंदाची गोष्ट! ‘मेमरी नाही’ ही तक्रार करायला वीज, प्रोसेसर, बायोस आणि स्पीकर हे चौघेही जिवंत असावे लागतात. एका तक्रारीने चार संशयित सुटतात. गलका झाला नाही, तर आधी स्पीकर जोडलेला आहे ना, हे पाहावे.

सावधगिरी मात्र हवीच. आत हात घालण्यापूर्वी वायर भिंतीतून काढावी आणि अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी पेटीच्या धातूला स्पर्श करावा. पॉवर सप्लायचा डबा आणि काचेच्या नळीचा जुना मॉनिटर शाळेत कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यांत धोकादायक विद्युतभार राहतो. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेले यंत्र सरळ वीज देऊन पाहू नये. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधील जुने कॅपॅसिटर तडकून उग्र धूर सोडतात. अशी यंत्रे आधी जाणकाराला दाखवावीत.

आता बायोसची जागा यूईएफआय नावाच्या व्यवस्थेने घेतली आहे. नव्या संगणकांत आणि खिशातल्या मोबाइलमध्येही पहिला छोटा तुकडा चिपमध्ये पक्का असतो, आणि तोच पुढच्याला बोलावतो. पण त्यांच्या पायऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत. जुन्या संगणकावर त्या दिसतात आणि ऐकूही येतात. भंगारात देण्याआधी त्याचा एवढा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

त्यासाठी एक वही पुरे. तिच्यात चार रकाने आखावेत : काय दिसले, काय ऐकू आले, त्यावरून काय वाटते, आणि आपण काय बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. संगणक सुरू झाला तर उत्तमच. नाही झाला, तरी तो कोणत्या पायरीपर्यंत पोचला हे विद्यार्थ्यांना सांगता यायला हवे.