पेपरातली आपली पोरं

पेपरात आपली पोरं कधीपासून येतात हे शोधायला गेलं की थेट १८५५ साल लागतं. मुक्ता साळवे. वय चौदा. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली. 'ज्ञानोदय'नं तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला. पत्र मिशनऱ्यांचं, त्यांना धर्म पसरवायचा होता, असू दे. पण तिथं कुणी तिला 'बिचारी' केलं नाही. वेद बामणांचे, मग आमचा धर्म कोणता, असं पोरीनं सरळ देवालाच विचारलं नि ते छापून आलं.

मग पुढं मराठी पोरगा म्हणजे श्याम. १९५३ ला अत्र्यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली, तिला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. साने गुरुजींशी आपलं भांडण नाही, पंढरपूरच्या देवळासाठी १९४७ ला ते उपाशी बसले होते. पण श्यामच्या गरिबीचा कुणाला विटाळ होत नाही. आणि तोच पोरगा सगळ्या मुलखाचा नमुना झाला.

जब्याला पडद्यावर यायला पुढं साठ वर्षं लागली. नागराज मंजुळेचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला थेटरात लागला. त्यातला शेवटचा धोंडा बघणाऱ्याच्याच तोंडावर येतो. अडीच महिनेही झाले नव्हते, २८ एप्रिलला आपल्या आष्टी-पाटोद्याला खेटून असलेल्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं. नाव तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. बातम्यांत 'प्रेमप्रकरणातून' हा शब्द होताच. २०१७ ला साक्षीदार फितूर झाले, आरोपी सुटले. मधे २०१६ ला 'सैराट' आला, आणि पेपरवाल्यांना आयता शब्द सापडला. पोरगा-पोरगी पळाली तरी 'सैराट', त्यांना कापलं तरी 'सैराट'. जात लिहायचं कामच उरलं नाही.

आता बीडचं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार पोरांमागं ८०७ पोरी निघाल्या, तेव्हा आपला जिल्हा देशभर गाजला. गर्भातून वाचलेल्या त्या पोरी आज पंधरा ते विशीच्या घरात आहेत. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात. पोरीला मागं कुणाच्या जिवावर ठेवायची, आणि लग्न लावलं तर नवरा-बायकोचा एक कोयता होतो, मुकादमाकडून उचल मिळते. असा हिशेब. मी जिनिंगवर जेवणाच्या सुट्टीत भाकरीखालचा पेपरसुद्धा वाचतो. 'बालविवाह रोखला' ही बातमी त्यात ठरलेली. ग्रामसेवक काय म्हणाले ते असतं, पोलीस काय म्हणाले ते असतं. पोरीचा चेहरा पुसलेला. नाव छापू नये हा कायदा आहे, नि तो रास्त आहे. पण तिची शाळा कितवीला सुटली, उचल किती घेतली होती, मुकादम कोण, लग्न मोडल्यावर ती रात्री कुठं झोपली, हे तिला विचारायला कुठल्या कायद्यानं अडवलंय?