'पराया' नव्हे, परैयर

एखाद्या देशाला जगाने वाळीत टाकले की इंग्रजी वर्तमानपत्रे त्याला 'परायआ' म्हणतात. कानाला हा शब्द थेट आपल्या 'पराया'सारखा लागतो. पण दोघांचे काडीचेही नाते नाही, बरं का! इंग्रजांनी तो उचलला तमिळ देशातून.

तमिळमध्ये 'परै' म्हणजे डफासारखे एक चर्मवाद्य. ते वाजविणारा तो परैयन्, आणि अनेक असले की परैयर. बहुतेक कोशकार हीच व्युत्पत्ती देतात. शेजारच्या मलयाळम् भाषेत 'परयुक' म्हणजे बोलणे, सांगणे. आपली दवंडी आठवा, म्हणजे वाद्य आणि सांगणे यांची जवळीक ध्यानी येईल. 'पुरनानूरु' या संगमकालीन काव्यसंग्रहात परैयन् हे एका कुळाचे नाव म्हणून येते, आणि तेही गौरवाने.

पुढे अस्पृश्यता आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, मागाहून इंग्रज. ही माणसे गावाबाहेर राहतात एवढे त्यांनी पाहिले आणि नावाचाच अर्थ 'बहिष्कृत' असा धरला. वास्तविक परैयर ही जातीतून काढलेली मंडळी नव्हेत. ती स्वतःच एक मोठी जात, आणि त्यांतले बहुतेक शेतमजूर. पण चूक रूढ झाली. गावातला बेवारशी कुत्रा 'परायआ' कुत्रा झाला, आकाशातली घारसुद्धा सुटली नाही! १७९१ साली बर्नार्दँ द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाने एका शहाण्या परायआची कथा लिहिली. तेव्हापासून युरोपात हा शब्द कोणाही उपेक्षिताला लागू लागला.

ज्यांचे हे नाव, त्यांना काय वाटले? मला तर इतिहास इथेच खरा रंगतो. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली मद्रासेत नियतकालिक काढले आणि नाव ठेवले 'परैयन्'. नाव लपवून मान मिळत नाही, असा त्यांचा बाणा. हेच श्रीनिवासन पुढे १९३० साली डॉ. आंबेडकरांबरोबर लंडनच्या गोलमेज परिषदेत बसले. उलट अयोत्ती दासर यांना हे नावच नको होते. आपण मूळचे द्रविड, बौद्ध, असे ते सांगत. १९२२ साली मद्रास सरकारने कागदोपत्री 'आदिद्रविड' हे नाव मान्य केले.

आणि ते वाद्य? अंत्ययात्रेत ते वाजविण्याची सक्ती नको, म्हणून तमिळनाडूत अनेकांनी ते खाली ठेवले. काही तरुणांनी मात्र तेच उचलून रंगमंचावर नेले. तिथे बायकाही ते वाजवतात.