देवगिरी : खडक, पाणी आणि द्राक्षवेल

परभणीहून मनमाडच्या गाडीत बसले की सेलू, परतूर, जालना मागे पडतात. छत्रपती संभाजीनगर येते आणि त्यानंतर थोड्याच वेळात दौलताबादचा डोंगर दिसू लागतो. हीच यादवांची देवगिरी. शाळांच्या सहली तिथे नेहमी जातात. मुले अंधारी पाहतात, मेंढा तोफेवर हात फिरवतात आणि ‘हा किल्ला लढून जिंकणे अशक्यच’ हे वाक्य घेऊन परततात. ते वाक्य अपुरे आहे. हा किल्ला पडला, आणि एकदा नव्हे, अनेकदा पडला. कशाने पडला, ते आज पाहू.

पाचव्या भिल्लम यादवाने ११८७ च्या सुमारास इथे राजधानी केली. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी देवळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ती ज्या यादवकाळातली म्हणून ओळखली जातात, त्या काळाचा हा राजदरबार. डोंगराचा कडा छिन्नीने उभा तासलेला. भोवती खडकात खोदलेला खंदक. वर जायला एक अरुंद वाट, आणि पुढे ती काळोख्या भुयारातून. माणसाने दगडाकडून जेवढे संरक्षण मिळवता येईल तेवढे इथे मिळवले.

पण दगड खाता येत नाही. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी अचानक चालून आला, तेव्हा मोठी फौज राजपुत्राबरोबर बाहेर होती. रामदेवराय किल्ल्यात शिरला. तवारिखांत अशी कथा येते की, घाईघाईने आत नेलेली पोती धान्याची समजली होती, ती उघडल्यावर मिठाची निघाली! कथा जशीच्या तशी खरी असो वा नसो, तिच्यातले मर्म खरे आहे. १६३३ सालीही तेच झाले. आधीची दोन-तीन वर्षे दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. महाबतखानाने मोगल फौजेनिशी वेढा घातला, आतले अन्न संपले आणि निजामशाहीचा हा किल्ला हातचा गेला. तट उभाच होता. कोठार रिकामे होते.

अशीच डोंगरावरची जुनी गावे इटलीतही आहेत. त्यांतले ओर्विएतो हे द्राक्षमद्यासाठी नावाजलेले. मऊ ज्वालामुखी खडकाच्या पठारावर ते वसले आहे. १५२७ साली रोमची लूट झाली, तेव्हा सातवा क्लेमेंट पोप तिथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाण्याचे काय, या चिंतेने त्याने खोल विहीर खोदायला लावली. ती १५३७ मध्ये पुरी झाली. तिच्यात दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एकाने खेचरे उतरत, दुसऱ्याने भरलेल्या पखाली घेऊन चढत, म्हणजे वाटेत गाठ पडत नसे. त्याच मऊ खडकात लोकांनी तळघरे कोरली आणि त्या गारव्यात मद्य साठवले. पोपांची सत्ता गेली; पण उतारावरच्या वेलींनी गावाला आजही धंदा दिला आहे.

आता देवगिरीकडे परत या. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला. त्याआधी १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडे हलवली होती आणि गावाचे नाव दौलताबाद झाले होते. बतूताने किल्ल्याबरोबर इथली द्राक्षे आणि डाळिंबेही टिपली आहेत. ती वर्षातून दोनदा फळतात, असे तो लिहितो.

यात अतिशयोक्ती नाही. इटलीत कडक थंडीने वेल पान गाळून झोपी जातो, म्हणून तिथे पीक एकच. आपल्याकडे वेलाला झोप नाही. शेतकऱ्याच्या कात्रीने त्याचे वर्ष ठरते. पूर्वी दख्खनचे बागाईतदार पांगाऱ्यावर वेल चढवीत, आणि पावसाळ्यातला आंबट बहार व उन्हाळ्याच्या तोंडचा गोड बहार, असे दोन्ही घेता येत. आजही एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड बहाराची छाटणी चालते, मात्र बहार बहुधा एकच धरतात. द्राक्षाचे मोठे मळे आता नाशिक, सांगली, सोलापूरकडे दिसतात. दौलताबादच्या रस्त्यावर हंगामात सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या सहलीत मुलांना तोफेआधी हत्ती तलाव दाखवा. त्यांना विचारा : एवढे पाणी किती माणसांना, किती दिवस पुरेल? धान्य कुठे ठेवत असतील? ते पिकवणारा शेतकरी तटाच्या आत होता की बाहेर? या प्रश्नांची उत्तरे शोधताना इतिहास राजांच्या नावांपुरता उरणार नाही. तो आपल्या गावच्या विहिरीपाशी, आपल्या कणगीपाशी येऊन उभा राहील. राज्याचा खरा तट कोठारात आणि पाण्यात असतो. देवगिरीने तो धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. आपण तो सहलीच्या तिकिटात घेऊ शकतो.